पायी येणाऱ्यांचा रकाना

तू काय करतोस असं कुणी विचारलं, की बुद्धप्रिय आधी खाकरायचा. मग "सिस्टिम डिझाइन करतो" असं म्हणायचा आणि समोरच्याला काही कळलेलं नाही याची खात्री पटली की त्याला बरं वाटायचं. बेळगावात टिळकवाडीला एका दाताच्या दवाखान्यावर त्याचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. खालून ड्रिलचा आवाज यायचा आणि वर हा पतसंस्थांचे प्रोग्रॅम लिहायचा. पंधरा वर्षांत त्यानं तीन पतसंस्था, दोन शाळा आणि एक मंगल कार्यालय एवढी मंडळी कॉम्प्युटरवर आणली होती. मंगल कार्यालयाच्या प्रोग्रॅमनं एकदा एकाच मुहूर्ताला एकाच हॉलमध्ये दोन लग्नं लावून दिली होती. ही गोष्ट तो स्वतःच हसत हसत सांगायचा. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी आपणच सांगितलेली बरी, एवढा व्यवहार त्याला कळत होता.

अशा या माणसाला एक दिवस निपाणीहून मारुतीरावांचा फोन आला. मारुतीराव म्हणजे तंबाखूचे जुने व्यापारी. तंबाखूचा धंदा बसला तशी त्यांची बाजारपेठेतली वखार वीस वर्षं कुलपात पडून होती. लग्नसराईत कापड घ्यायला कागल, चिक्कोडीकडून येणारी माणसं गाड्या लावायला जागा शोधत निपाणीत घिरट्या घालतात, हे त्यांनी गॅलरीत बसून पाहिलं होतं. त्यांनी वखारीत लोखंडी खांब उभे करून दोन मजले चढवले आणि नव्वद गाड्यांचं पार्किंग करायचं ठरवलं.

"इंजिनिअर," मारुतीराव म्हणाले, "गाडी आली की दांडा आपोआप वर जायला पाहिजे. तिकीट आपोआप, जागा आपोआप. मला मधे माणूस नको. माणूस आला की वशिला आला."

बुद्धप्रियनं किती पैसे मिळणार हे न विचारताच होकार दिला. बायकोनं, म्हणजे करिष्मानं, त्याबद्दल त्याला दोन दिवस फैलावर घेतलं. पण त्या होकाराचं कारण तिलाही माहीत होतं. त्याच वखारीत त्याच्या आईनं, यल्लव्वानं, सव्वीस वर्षं तंबाखू चाळली होती. तंबाखूच्या त्या धुळीवर, खकाण्यावर, तो शिकला होता. कॉलेजात असताना, आपण मोठे झालो की ही वखार पेटवून द्यायची असं त्यानं ठरवलं होतं. नोकरी लागल्यावर पेटवण्याऐवजी विकत घ्यायची असं ठरलं. चाळिशीत तो त्याच वखारीला तिकिटाचं मशीन बसवायला निघाला. आपली क्रांती अशी हप्त्याहप्त्यानं स्वस्त होत गेली, असं तोच करिष्माला म्हणाला आणि एकटाच हसला.

कामाला मात्र त्यानं जिवाचं रान केलं. मंगल कार्यालयाचा डाग धुऊन काढायचा होता. त्यानं एक जाडजूड वही केली आणि वर लिहिलं: काय काय बिघडू शकतं. त्या वहीत आठ महिन्यांत त्रेचाळीस कलमं जमली. वीज गेली तर? बॅटरी बसवली, चार तास चालणारी. कुणी वीज मुद्दाम तोडून फुकट पळायला बघितलं तर? तरीही दांडा खालीच राहील, कुलूप लागल्यासारखा. एका गाडीच्या शेपटाला धरून दुसरी घुसली तर? एक तिकीट, एक वाहन. प्रत्येक वाहनामागं दांडा खाली येणार म्हणजे येणारच. राखणदारानं ओळखीच्या माणसाला किल्लीनं दांडा उचलून दिला तर? मग किल्लीच नको. दांडा हातानं उचलायची किल्ली मशीनसोबत आली होती, ती त्यानं काढून परत पाठवून दिली.

चौथ्या महिन्यात चाचणी चालू असताना कुणाची तरी म्हैस दाराशी येऊन उभी राहिली आणि दांड्यानं तिला वर होऊन मानानं आत घेतलं. म्हैस पहिल्या मजल्यापर्यंत चढली. तिला खाली आणताना राखणदार सिद्रामचं धोतर फाटलं. बुद्धप्रियनं ते कलम एकोणतीस म्हणून लिहून घेतलं, दाराशी जमिनीत तारेचं वेटोळं पुरलं आणि ते फक्त लोखंड ओळखेल अशी तजवीज केली.

"आता हाडामांसाला हा दांडा उठायचा नाही," त्यानं मारुतीरावांना छाती काढून सांगितलं. मारुतीराव खूश झाले.

करिष्मा बेळगावच्या एका कॉलेजात शिकवायची. तिनं एका रविवारी नकाशा पाहिला आणि बोट ठेवून विचारलं, "यातून माणसं कुठून जातात?"

"ही वाहनांची व्यवस्था आहे," तो म्हणाला, "माणसांची नाही."

"गाडी लावल्यावर माणूस गाडीतच राहतो का?"

त्यावर त्यानं तिला अर्धा तास व्याख्यान दिलं. त्यात विमानतळ होते, सिंगापूर होतं, वापरकर्त्याची मानसिकता होती. करिष्मानं भाजी निवडता निवडता ते ऐकून घेतलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, एवढंच ती शेवटी म्हणाली आणि कुकर लावायला उठली.

खरं तर माणसांसाठी एक दार होतं, आणि ते बुद्धप्रियनंच बुजवलं होतं. वखारीच्या मोठ्या लाकडी दाराच्या बगलेला भिंतीत एक बुटकं दार होतं, फार तर चार फुटांचं. मोठं दार उघडायचं ते तंबाखूच्या बोदांनी, म्हणजे मोठाल्या गठ्ठ्यांनी, भरलेल्या गाड्यांसाठी. चाळणाऱ्या बायकांसाठी ते बुटकं दार. सकाळी वाकून आत, संध्याकाळी वाकून बाहेर. यल्लव्वा हे त्याला सांगायची ते तक्रार म्हणून नव्हे, बाजारातला भाव सांगावा तसं सांगायची. पण त्याच्या डोक्यात ते दार राहिलं होतं. मोठं दार काढून दांडा बसवायचं ठरलं तेव्हा मारुतीरावांनी विचारलं, "हे बारकं दार असू दे का?"

"बुजवा," बुद्धप्रिय म्हणाला. त्याचा आवाज नको तेवढा चढला. "विटा घाला. तिथं तिकिटाचं मशीन बसेल."

गवंडी विटा रचत होता तेव्हा तो हाताची घडी घालून शेजारी उभा होता. आपण सामाजिक न्याय केला असं त्याला वाटलं. उद्घाटनाच्या भाषणासाठी त्यानं त्या संध्याकाळी एक वाक्यही लिहून ठेवलं: ज्या दारानं आमच्या आयांना वाकवलं ते दार मी कायमचं बंद केलं आहे. हे वाक्य त्याला इतकं आवडलं की आंघोळ करताना तो ते मोठ्यानं म्हणू लागला.

आता दार बुजल्यावर माणसं कुठून जात होती? दांड्याखालून. रोज सकाळी सिद्राम वाकून आत जायचा, वायरिंगवाले वाकायचे, बुद्धप्रिय लॅपटॉपची पिशवी पोटाशी धरून वाकायचा. रेल्वेचं फाटक पडलेलं असताना सायकल आडवी करून खालून निघून जाण्यात आपल्याकडं सगळ्यांचा जन्म गेलेला. दांडा दिसला की कंबर आपोआप मोडते. त्यामुळं कित्येक महिने रोज चार वेळा वाकूनही हे कलम त्याच्या वहीत आलं नाही.

उद्घाटनाच्या आठ दिवस आधी तो आईला बोलवायला गेला. यल्लव्वा निपाणीतच राहायची, स्वतःच्या दोन खोल्यांच्या घरात. बेळगावला ये म्हटलं की तिथलं पाणी सोसत नाही म्हणायची. ती उंबऱ्यात शेंगा फोडत बसली होती.

"आई, रविवारी उद्घाटन हाय. तुला यायचंय."

"कुठं?"

"वखारीत."

यल्लव्वाचा हात थांबला नाही. "त्या वखारीत मी पाय ठेवणार न्हाय. बंद झाली त्या दिवशी बाहीर आलो, तवाच म्हणलं, ह्या दारातनं आता वाकून जायाचं न्हाय."

"अगं, ते दार ऱ्हायलंच न्हाय! मी सोता हुबा ऱ्हाऊन विटा घातल्यात त्याला. आता गाड्यांचं मोठं दार हाय. धा फूट रुंद. सरळ चालत यायचं."

तिनं पहिल्यांदाच वर पाहिलं. "सरळ?"

"ताठ."

"वाकायचं न्हाय?"

"बाबासाहेबांची शपथ, न्हाय."

सुपातल्या शेंगा तिनं एका बाजूला सारल्या. "मग येतो," ती म्हणाली. "पर एकटी न्हाय. नागू येईल, जयाबाई येईल. माझ्यासंगं चाळणाऱ्या जितक्या जित्त्या हाईत तितक्या घिऊन येतो. त्यास्नीबी सांगतो, वाकायचं न्हाय म्हणून."

बुद्धप्रिय परतीच्या बसमध्ये बसला तेव्हा त्याला रडू आलं. शेजारच्या माणसानं खिडकी लावू का विचारलं, धुरळा जातोय का डोळ्यात. मारुतीरावांचे पैसे, पुढं मिळणारी कामं, मंगल कार्यालयाचा डाग, हे सगळं त्याला त्या क्षणी फुटकळ वाटलं. आई त्या दारातून ताठ चालत आत येणार, एवढंच आता त्याला पाहिजे होतं.

रविवारी दहाला उद्घाटन होतं. दांड्याला झेंडूच्या माळा गुंडाळल्या होत्या आणि दांड्यालाच लाल फीत बांधली होती. ही कल्पना अर्थातच बुद्धप्रियची. चिक्कोडीहून येणारे मोठे साहेब गाडीतूनच बटण दाबतील, पहिलं तिकीट हातात घेतील, दांडा वर जाईल आणि फीत आपोआप तुटेल. कात्री नको, ताट नको. कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत तिकीट निघणार होतं, त्यामुळं ते चांगलं वीतभर लांब होतं. भाषण खिशात होतं.

बाजारपेठेतले व्यापारी येऊ लागले. आले तसे दांड्याखालून वाकून आत गेले. फोटोवाला वाकून गेला. सिद्राम पेढ्यांची परात एका हातानं तोलत वाकून गेला, सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. बुद्धप्रिय स्वतः वाकून बाहेर आला, कारण कोपऱ्यावरून आई येताना दिसली होती.

नऊ बायका होत्या. यल्लव्वानं विहारात नेसायची पांढरी साडी नेसली होती. जयाबाईच्या हातात काठी होती. नागुबाई सगळ्यांत बारकी, दोन पावलं मागं. साठीच्या पुढच्या नऊ म्हाताऱ्या रस्त्याच्या मधोमध चालत आल्या आणि दांड्याशी येऊन थांबल्या. दांडा यल्लव्वाच्या छातीला लागेल एवढ्या उंचीवर होता. तिनं बुजवलेल्या दाराकडं पाहिलं. मग दांड्याकडं पाहिलं. मग पोराकडं.

"हे काय रं?"

"दांडा," बुद्धप्रिय म्हणाला, आणि ते म्हणताना त्याला सगळं एकदम कळलं.

"उचल की."

त्यानं आत सिद्रामकडं पाहिलं.

"साहेब, किल्ली लावू?" सिद्राम आतून म्हणाला.

"किल्ली परत पाठवली."

"मग करंट काढतो."

"काढला तरी खालीच राहतो."

"का वो?"

"मीच तसं केलंय."

सिद्रामनं परात खाली ठेवली. "मग ह्या बायका कशा येणार?"

"ह्याला फक्त लोखंड कळतं," बुद्धप्रिय म्हणाला. आपल्या तोंडून हे वाक्य इतकं मूर्ख निघेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. म्हशीसाठी केलेली तजवीज आईच्या आड आली होती.

तेवढ्यात मोठ्या साहेबांची पांढरी गाडी येऊन बायकांच्या मागं उभी राहिली. तिच्यामागं आणखी चार गाड्या. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. एकही बाई हलली नाही. मारुतीराव धावत आले, वाकून बाहेर आले आणि त्यांनी परिस्थिती पाहिली. माणूस तसा वाईट नव्हता. घाम पुसत म्हणाले, "यल्लव्वा, माझी गाडी हाय की. बसा, आत नेतो तुमास्नी. दोन फेऱ्यांत सगळ्या जातील."

"मालक," यल्लव्वा म्हणाली, "तवा चालत येत हुतो. आताबी चालतच येणार."

"मग जरा मान खाली घालून..." व्यापाऱ्यांतला एक जण आतून म्हणाला. "एक सेकंदाचं काम आहे, मावशी."

यल्लव्वानं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिनं पोराला विचारलं, "शपथ घातली हुतीस न्हवं?"

त्यात राग नव्हता, आणि म्हणूनच त्याला ते जास्त लागलं. जयाबाईनं काठी फिरवली. "चला गं. उनाचं हितं कशाला हुबं ऱ्हायचं? बघितली की वखार बाहेरनं." बायका वळायला लागल्या. यल्लव्वाही वळली. बुद्धप्रियला तिची पाठ दिसली, आणि ती पाठ एवढी वाकलेली आहे हे त्यानं आज पहिल्यांदा नीट पाहिलं. मंगल कार्यालयात दोन नवरदेव समोरासमोर आले तेव्हा तो पळून गेला होता. आज पळायला जागा नव्हती.

"आई, पाच मिनिटं थांब," तो ओरडला. "फक्त पाच मिनिटं. पाया पडतो तुझ्या."

त्यानं पिशवीतून लॅपटॉप काढला. ठेवायला काही नव्हतं, म्हणून साहेबांच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला. बॉनेट तापलं होतं. काचेतून साहेब त्याच्याकडं पाहत होते. चाचणीच्या वेळी जमिनीतल्या वेटोळ्याला बगल देऊन नुसतं तिकीट काढता यायचं, ती वाट अजून प्रोग्रॅममध्ये उघडी होती. त्यानं ती पडद्यावर आणली. वाहनाचा प्रकार निवडा: दुचाकी, तीनचाकी, चारचाकी. चौथा पर्याय नव्हता. वाहनाचा क्रमांक भरा, भरल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. हेही त्यानंच केलं होतं, कलम अकरा.

"आई, नंबर काय घालू तुझा?" तो घाईत म्हणून गेला.

"नंबर कशाला? नाव घाल की," यल्लव्वा म्हणाली. "नाव हाय मला."

त्या रकान्यात नाव बसत नव्हतं. त्यानं प्रोग्रॅम उघडला आणि बसेल असं केलं. उन्हात पडदा दिसत नव्हता, म्हणून सिद्रामनं पेढ्यांच्या परातीवरचं फडकं आणून त्याच्या डोक्यावर धरलं. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गजर लावला. दोन ठिकाणी चूक झाली आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. बुद्धप्रिय स्वतःला मोठमोठ्यानं शिव्या घालत होता, आणि नऊ म्हाताऱ्या हा शिकलेला माणूस घामाघूम होऊन गाडीच्या नाकावर काय बडवतोय ते मन लावून पाहत होत्या. त्यानं प्रकारांच्या यादीत चौथी ओळ लिहिली: पायी. मग बटण दाबलं.

मशीन कुरकुरलं आणि वीतभर तिकीट बाहेर आलं. नाव यल्लव्वा, प्रकार पायी, जागा ए-एक. ती जागा साहेबांसाठी रांगोळी काढून ठेवली होती. पण मशीनला वशिला कळत नव्हता आणि पहिलं तिकीट तिचं होतं.

दांडा हलला. माळा ताणल्या, फीत ताणली आणि टचकन तुटली. दांडा सरळ उभा राहिला. यल्लव्वानं तिकीट हातात धरलं आणि ती आत गेली. कुठं घाई नाही, कुठं थांबणं नाही. सव्वीस वर्षं ज्या दारात शिरली होती त्याच्या शेजारून ती गेली, आणि तिचं डोकं जिथं होतं तिथंच राहिलं. बुद्धप्रियला समोरचं धूसर दिसू लागलं. साहेबांच्या बॉनेटला धरून तो उभा राहिला.

मग दांडा परत खाली आला. एक तिकीट, एक वाहन.

"हं, पुढची," सिद्राम म्हणाला.

जयाबाईचं तिकीट निघालं, ए-दोन. दांडा वर, जयाबाई आत, दांडा खाली. मग तिसरी, मग चौथी. प्रत्येकीचं नाव विचारायचं, टाइप करायचं, दांडा उठायची वाट बघायची. एकीनं नावाबरोबर नवऱ्याचं आणि गावाचंही नाव घालायला लावलं. दोघी एकदम जाऊ दे म्हणून मारुतीरावांनी हात जोडले, पण मशीन जुमानेना. हॉर्न हळूहळू बंद झाले. ड्रायव्हर खाली उतरून पाहू लागले. नवव्या नंबरला नागुबाई आत गेली आणि मग साहेबांची गाडी पुढं सरकली. त्यांना ए-दहा मिळाली, खांबाच्या आड, जिथं दार अर्धंच उघडतं. साहेब पोट आत ओढून बाहेर आले.

आत गेल्यावर बायका विखुरल्या. त्यांना मजले बघायचे नव्हते, आपापली जागा शोधायची होती. पिवळे पट्टे ओलांडत, खांब मोजत त्या फिरत होत्या. यल्लव्वा मागच्या भिंतीपाशी दोन पट्ट्यांच्या मधे उभी राहिली. "हितं माझी चाळणी," ती म्हणाली. "आन् तितं नागूची. ह्यो झरोका हुता म्हणून श्वास तरी घिता यायचा." बुद्धप्रिय तिच्या मागोमाग फिरत होता. त्या झरोक्यावर त्यानं कॅमेरा बसवला होता.

भाषणाला त्याचं नाव पुकारलं तेव्हा त्यानं खिशात हात घातला, कागद चाचपला आणि तसाच ठेवला. ते सुंदर वाक्य आता त्याच्यानं म्हणवलं नसतं. तो म्हणाला, "मी त्रेचाळीस गोष्टींचा विचार केला होता. म्हशीचासुद्धा केला होता. पायी येणाऱ्या माणसाचा राहिला. मारुतीराव, त्या मशीनशेजारची भिंत उद्या फोडायला पाहिजे. दार सात फुटांचं करू. खर्च माझ्या पैशातनं कापा." लोक हसले. बुद्धप्रियही हसला, सगळ्यांत जास्त हसला, आणि पेढे वाटायला सुरुवात झाली.

बारा वाजता बायका निघाल्या. बाहेर पडायचा दांडा मागच्या गल्लीकडं होता. तिथं तिकीट घातलं की तो उठायचा, आणि या खेपेला बुद्धप्रियनं आधीच सगळं नीट करून ठेवलं होतं. नागुबाई पुढं होती. त्यानं तिचं तिकीट घेऊन मशीनमध्ये घातलं आणि दांडा वर गेला. वाट मोकळी होती. पण नागुबाई गेली नाही.

तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. खांद्यावरचा पदर काढून दोन्ही हातांनी झटकला. मग निऱ्यांपाशी हात नेले, कमरेचं कापड जरा सैल केलं आणि हात वर करून, मान एका बाजूला वळवून ती गप्प उभी राहिली. तिच्यामागं बायकांची आपोआप रांग लागली होती. दुसरीचाही हात पदराकडं गेला होता.

बुद्धप्रियला क्षणभर काही समजेना. मग सिद्राम खाली बघायला लागला, आणि जरा अंतरावर उभे असलेले मारुतीराव मोबाइल काढून त्यात काहीतरी शोधायला लागले, तेव्हा त्याला समजलं. चिमूटभर तंबाखू ओटीतून गेली का हे पाहायला वखार सुटताना रोज झडती होत असणार. वखारीत सगळे दिवाणजी आणि मुकादम पुरुष होते, हे त्याला ठाऊक होतं. बुटक्या दाराचं त्याला आईनं शंभर वेळा सांगितलं होतं. हे एकदाही सांगितलं नव्हतं. सव्वीस वर्षं, रोज संध्याकाळी, आणि मग घरी येऊन ती त्याची पाठांतरं घ्यायची. त्याला भयंकर लाज वाटली. आपल्या वहीची वाटली, भाषणाची वाटली, सकाळपासून स्वतःवर केलेल्या विनोदांचीही वाटली.

दांडा वरच होता. रांगेतून यल्लव्वा पुढं आली. तिनं नागुबाईचे वर केलेले हात धरून खाली घेतले, पदर उचलून तिच्या खांद्यावर टाकला.

"ऱ्हाऊ दे गं नागू," ती म्हणाली. "ह्याला हात न्हाईत."

नागुबाईनं मान वर करून दांडा नीट पाहिला, खालून वरपर्यंत. मग तिनं पिशवी उचलली आणि ती गल्लीत गेली.